बेल्क, हडसन-बेल्क, बेल्क-टायलर, लेगेट... हे सगळं एकच दुकान का?

खारीबिस्कीट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा रिकामटेकडा आहे पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे कॅरीला आलो, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात रॉलीच्या शेजारी. इथे मॉलमध्ये बेल्क नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर आहे, कपडे, चपला, पर्फ्युम, भांडी, चादरी सगळं मिळतं, सेल कायमच चालू असतो, तर तिथे माझं जाणंयेणं असतं.

आता गंमत अशी की आमच्या शेजारच्या आजी (८० च्या पुढच्या, एकदम टुणटुणीत) त्याला कायम 'हडसन-बेल्क' म्हणतात. मला वाटलं जुनं नाव तोंडात बसलं असेल, माझी आत्या अजून व्हीटीच म्हणते तसं. पण नवऱ्याच्या ऑफिसात एक बाई आहे मूळची डॅनव्हिल, व्हर्जिनियाची, तिच्या माहेरी याच दुकानाला म्हणे 'लेगेट' म्हणायचे. आणि मागच्या महिन्यात समुद्राकडे जाताना वाटेत एका छोट्या गावात चहाला, म्हणजे इथे कसला चहा, कॉफीला थांबलो तर समोर जुन्या विटांच्या इमारतीवर पुसट पांढऱ्या अक्षरात 'बेल्क-टायलर'!! खाली आता कसलीशी जिम आहे.

तर हे हडसन, टायलर, लेगेट कोण? वेगळी दुकानं होती आणि बेल्कने विकत घेतली का? अजून त्या घराण्याचं आहे का हे? एक जण म्हणाला दिवाळं निघालंय, पण मग मागच्या रविवारी मी पायपुसणी कुठून आणली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शार्लटकर_आजोबा:

ताई, तुमच्या आजी, ती डॅनव्हिलची बाई आणि ती भिंत, तिघंही बरोबर आहेत. मी नॉर्थ कॅरोलायनातल्याच शार्लटमध्ये २६ वर्षं काढली आणि हे गाव बेल्कमय आहे. हायवेच्या एका तुकड्याला जॉन बेल्क फ्रीवे नाव, युनिव्हर्सिटीचं बिझनेस कॉलेज बेल्कच्या नावाचं, गाण्याला नाटकाला जावं तर बेल्क थिएटर. रिटायर झाल्यावर म्हटलं बघू तरी हा माणूस कोण.

मूळ पुरुष विल्यम हेन्री बेल्क, जन्म १८६२, साउथ कॅरोलायनातला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ मध्ये, हा तीन वर्षांचा असताना बाप गेला. घरात सांगत आले ते असं की उत्तरेच्या बाजूचा जनरल शर्मन, त्याच्या सैन्यातले लोक लपवलेलं सोनं शोधत आले आणि त्यांनी त्याला ओढ्यात बुडवून मारलं. पोरगा १४ व्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो नावाच्या गावात हीथ म्हणून एका व्यापाऱ्याच्या कापडदुकानात महिना ५ डॉलरवर लागला. तिथे बारा वर्षं. म्हणजे माल उतरवण्यापासून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून खिसा ओळखण्यापर्यंत जे काय शिकायचं ते सगळं दुसऱ्याच्या दुकानात शिकला, हे लक्षात ठेवा, पुढे त्याने हेच दुसऱ्या पोरांच्या बाबतीत केलं.

मे १८८८ ला मन्रोतच स्वतःचं दुकान टाकलं. २२ बाय ७० फुटांची जागा. साठवलेले ७५० डॉलर, ५०० उसने, आणि एका बुडालेल्या दुकानाचा अंदाजे ३००० चा माल, 'विकला की पैसे देतो' या बोलीवर. आणि नाव काय दिलं तर 'न्यूयॉर्क रॅकेट'. रॅकेट स्टोअर म्हणजे तेव्हाच्या भाषेत सटरफटर स्वस्त मालाचं दुकान, आजचा तो फसवाफसवीवाला अर्थ नाही. आणि न्यूयॉर्कशी काडीचा संबंध नव्हता, पण गावातल्या माणसाला भारी वाटलं पाहिजे ना. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला 'बॉम्बे ड्रेसेस' असतं तसलाच प्रकार. पण चाललं हो. सात महिन्यांच्या आत देणी फिटली आणि वर ३३०० डॉलर हातात.

चालण्याचं कारण साधं. मालावर किंमत लिहिलेली, ती सगळ्यांना तीच, घासाघीस नाही, उधारी नाही, आणि घरी नेऊन आवडलं नाही तर परत आणा पैसे घेऊन जा. आज यात काही वाटत नाही पण तेव्हा तिकडच्या खेड्यात शेतकरी वर्षभर उधारीवर जगायचा, कापूस आला की हिशेब, आणि उधारीचा भाव वेगळाच असायचा. रोखीवाल्याला स्वस्त देणारा माणूस म्हणजे अप्रूपच.

१८९१ ला त्याने धाकट्या भावाला गळ घातली. भाऊ जॉन डॉक्टर होता, चांगली प्रॅक्टिस होती, ती सोडून दुकानात आला! आपल्याकडे कुणा डॉक्टर पोराने असं केलं असतं तर आईने अन्नपाणी सोडलं असतं. मग १८९३ ला साउथ कॅरोलायनात चेस्टर, आणि १८९५ ला शार्लट, तिथे विल्यम स्वतः राहायला आला.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून दिलंच नाही, माफ करा, नातवाला स्विमिंगला सोडायचंय. संध्याकाळी लिहितो.

बार्शीचा_बन्या:

वाचतोय. आमचं बार्शीला कापडदुकान होतं, आजोबांपासूनचं, वडिलांनी १९८७ साली 'एकच भाव' अशी पाटी लावली आणि पहिले सहा महिने गिऱ्हाईक पाटी वाचायचं, मान डोलवायचं आणि विचारायचं "बरं मग कितीला देता?" शेवटी वडील किंमत मुद्दाम वाढवून लिहायला लागले आणि कमी करून द्यायला लागले, पाटी तशीच 😄 शेजारी 'आज रोख उद्या उधार' पण होतीच आणि पाटीच्या खालीच उधारीची वही. त्यामुळे १८८८ ला हे पाळून दाखवणाऱ्या माणसाला आपला दंडवत.

आजोबा, ती डॉक्टरवाली गोष्ट आवडली. लवकर लिहा.

शार्लटकर_आजोबा:

आलो. तर हडसन, टायलर, लेगेट कोण.

बेल्कने विकत घेतलेली दुकानं नाहीत ती (काही नंतर घेतली, पण ते पुढे). ते त्याचे भागीदार. पद्धत अशी होती की दुकानात एखादा सेल्समन चुणचुणीत दिसला, मेहनती, चर्चला जाणारा (स्वतः बेल्क कट्टर प्रेस्बिटेरियन पंथाचा, त्याने गावोगावच्या छोट्या चर्चना भरपूर पैसे दिले), की त्याला चार-पाच वर्षं घासून तयार करायचं आणि मग म्हणायचं, बाबा अमुक गावात दुकान टाकतोय, तू चालव. थोडा हिस्सा तुझा, बाकीचा आम्हा भावांचा. आणि पाटीवर नाव दोघांचं. रॉलीत १९१५ ला हडसनबरोबर हडसन-बेल्क. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडे टायलर म्हणून भागीदार, म्हणून तिकडे गावोगाव बेल्क-टायलर, तुमची भिंत त्यातलीच. साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला बेल्क-सिम्पसन, टेनेसीत पार्क्स-बेल्क, जॉर्जियात गॅलंट-बेल्क, फ्लोरिडात बेल्क-लिंडसे. लेगेट म्हणजे व्हर्जिनियातले भाऊभाऊ, १९२० पासूनचे भागीदार, ते इतके मोठे झाले की बऱ्याच ठिकाणी पाटीवर बेल्क नावच नव्हतं, नुसतं लेगेट.

याच्यातली खुबी बघा. प्रत्येक दुकान, नाहीतर चार-पाच दुकानांचा गठ्ठा, ही कायद्याने वेगळी कंपनी. मॅनेजर पगारी नाही, मालक. तो त्याच गावात राहणार, त्याची पोरं त्याच शाळेत, रविवारी चर्चमध्ये गिऱ्हाइकाच्याच बाकाशेजारी बसणार. खराब माल गळ्यात मारून जाणार कुठे? गावात कुठला रंग खपतो, तंबाखूचे पैसे कधी हातात येतात, शाळा कधी सुरू होते हे त्याला शार्लटच्या कुणी सांगायची गरज नाही. आणि माल घेताना मात्र सगळे एकत्र, न्यूयॉर्कला खरेदीचं ऑफिस, त्यामुळे एवढ्याशा गावातल्या दुकानालाही मोठ्या शहराच्या भावात माल. म्हणजे खरेदी थोक, विक्री घरगुती.

विल्यम हेन्रीने लग्नसुद्धा सगळं बस्तान बसल्यावर केलं, १९१५ ला, वय ५३. पाच मुलगे एक मुलगी. भाऊ जॉन १९२८ ला गेला, हा १९५२ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी.

१९६७ ला सगळ्यांचा लोगो एक केला, ते मोठं वळणदार बी, म्हणून बाहेरून सगळं एक दिसायला लागलं. पण आत कंपन्या वेगळ्याच आणि गावकऱ्यांच्या तोंडात जोडनावं तशीच. रॉलीच्या फेटव्हिल स्ट्रीटवर हडसन-बेल्कची जुनी इमारत आहे ना, तिथे आता कॉन्डो आहेत आणि बिल्डिंगचं नाव 'द हडसन'. म्हणजे बेल्क पुसलं गेलं आणि भागीदार राहिला, बघा नशीब.

सामाईक_विहीर:

आजोबा भारी लिहिताय. पण मला वाचता वाचता घाम फुटला. आमचं गाव राजापूर तालुक्यात, आमच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत, त्यातली चौदा वारलेली, तीन कुठे आहेत देवाला माहीत, आणि विहिरीवरचा पंप बदलायचा तरी बोरिवलीच्या काकांची सही लागते. पणजोबांनी पण चांगल्याच हेतूने सगळ्या भावांना नावावर घेतलं होतं. तर विल्यमरावांच्या पाच मुलगे आणि एका मुलीचं, शिवाय त्या डॉक्टर भावाच्या बाजूचं, शिवाय हडसन-टायलर-लेगेट यांच्या पोराबाळांचं पुढे काय झालं ते सांगा की. तिथे तर शेकडो विहिरी.

शार्लटकर_आजोबा:

हा हा, सातबाराच तो! अगदी अस्संच झालं.

म्हातारा १९५२ ला गेला आणि भावंडांत जुंपली. इस्टेट आणि कुणाच्या हाती सूत्रं यावरून कोर्टापर्यंत गेलं. शेवटी जॉन (काकाचंच नाव, जॉन माँटगोमेरी बेल्क) आणि टॉम या दोघांच्या हातात कारभार राहिला. जॉन तर १९६९ ते १९७७ शार्लटचा महापौर होता, फ्रीवेला नाव त्याचंच. १९५६ ला त्यांनी एफर्ड्स नावाची शार्लटचीच प्रतिस्पर्धी चेन घेऊन टाकली. साउथपार्क मॉल १९७० ला उघडला तो बेल्क आणि त्यांचे दुसरे प्रतिस्पर्धी आयव्ही या दोन घराण्यांनी मिळून उभारलेला, म्हणजे दुकानात स्पर्धा आणि जमिनीत भागीदारी. व्यापारी डोकं!

पण कंपन्या वाढतच गेल्या, शेअर आजोबाकडून मुलाकडे, मुलाकडून चार नातवंडांकडे. प्रत्येक कंपनीत हिस्से वेगळे. एका दुकानात बेल्क जास्त, दुसऱ्यात भागीदाराची मुलं जास्त, तिसऱ्यात एक आत्या जी कधी दुकानात पाऊलही ठेवत नाही पण दर वर्षी डिव्हिडंड किती ते विचारते. काहीही सगळीकडे एकदम करायचं म्हटलं की एकेकाला पटवत बसा. समोर डिलार्ड्स ही प्रतिस्पर्धी चेन, एकच कंपनी एकच हुकूम, त्यांनी १९९० ला आयव्हीज गिळलं सुद्धा.

१९९० च्या दशकात लेगेट घराण्याचा हिस्सा घेतला, आणि मे १९९८ मध्ये एकूण ११२ वेगवेगळ्या कंपन्या एकत्र करून बेल्क इनकॉर्पोरेटेड केली. एकशे बारा!! ज्याच्याकडे ज्या दुकानाचे शेअर त्याला त्या बदल्यात नवीन कंपनीचे. टॉम बेल्क त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. पाटीवरचं 'हडसन-' वगैरे त्यानंतर हळूहळू गेलं.

खारीबिस्कीट:

बाप रे! मी पायपुसण्याबद्दल विचारलं होतं 😄

एकदम खूप कळलं, थँक्यू आजोबा. म्हणजे आमच्या आजींचं हडसन-बेल्क म्हणजे खरंच वेगळं दुकान होतं, टोपणनाव नव्हे. पण मग आता मालक कोण? आणि ते दिवाळ्याचं काय?

डेबिट_क्रेडिट:

हा भाग मी घेतो, माझ्या प्रांतातला आहे.

एक कंपनी झाल्यावर हात मोकळे झाले आणि खरेदी सुरू. २००५ ला सॅक्स कंपनीकडून प्रॉफिट्स आणि मॅक्रेज नावाच्या दोन चेनची मिळून ४७ दुकानं, ६२.२ कोटी डॉलरला. २००६ ला पॅरिसियन ही आणखी एक चेन, ३८ दुकानं. टॉमचा मुलगा टिम २००४ पासून सीईओ, भाऊ बरोबर, म्हणजे तिसरी पिढी. २०१० ला ते वळणदार बी काढून नवा लोगो केला. दुकानं ३०० च्या आसपास, १६ राज्यांत, सगळी दक्षिणेकडची. विकलं तेव्हा तोट्यात नव्हते हे मुद्दाम सांगतो, लोकांना वाटतं बुडायला लागले म्हणून विकलं.

२०१५ ला सायकॅमोर पार्टनर्स नावाच्या प्रायव्हेट इक्विटी फर्मला विकलं, साधारण ३ अब्ज डॉलर, शेअरला ६८ डॉलर. १२७ वर्षं घरात होतं ते संपलं. का विकलं? माझ्या मते 'सामाईक_विहीर' यांनी दिलंय ते उत्तर. शेअर कुठल्या मोठ्या बाजारात लिस्टेड नव्हता, खूप नातेवाईक, प्रत्येकाच्या नावावर कागदावर बरंच काही पण हातात पैसा कधी येणार? कुणाला पोरांच्या फिया, कुणाला म्हातारपण. ६८ डॉलर रोख समोर दिसल्यावर पणजोबांचं नाव वगैरे सगळं बाजूला राहतं आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

पुढचं मात्र कडू आहे. असल्या व्यवहारात घेणारा बराचसा पैसा कर्ज काढून आणतो आणि ते कर्ज बसतं विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर. म्हणजे तुम्ही माझं घर घेतलंत, आणि हप्ते मात्र घरानेच भरायचे, भाडेकरू ठेवून. भाडेकरू आहेत तोवर ठीक. २०२० ला कोविडमध्ये दुकानं बंद पडली आणि हप्ते तसेच. २३ फेब्रुवारी २०२१ ला ह्यूस्टनच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज, आणि दुसऱ्या दिवशी योजना मंजूर. खरंच एका दिवसात! आधीच सगळ्या सावकारांशी बोलून ठरवून गेले होते. जवळपास ४५ कोटी डॉलरचं कर्ज उतरलं, साडेबावीस कोटींचं नवं भांडवल आलं. या दिवाळखोरीपायी दुकानं एक दिवसही बंद नाहीत, म्हणून ताई तुमची पायपुसणी सुरक्षित. २०२४ मध्ये परत एकदा कर्जाची फेरमांडणी झाली आणि मालकी बरीचशी कर्ज देणाऱ्यांकडेच गेली.

तर आता मालक कोण या प्रश्नाचं उत्तर: सावकार.

नाक_वर:

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ. 'सगळ्यांना एकच भाव' हे खरं, पण सगळ्यांना एकच खुर्ची नव्हती. ९ फेब्रुवारी १९६० ला शार्लटच्या जॉन्सन सी. स्मिथ युनिव्हर्सिटीतले कृष्णवर्णीय विद्यार्थी डाउनटाउनमधल्या दुकानांच्या लंच काउंटरवर जाऊन बसले, त्यात वूलवर्थ, क्रेस होती तसं बेल्कही होतं. काळ्या गिऱ्हाइकाने शर्ट घ्यायचा, पैसे मोजायचे, पण बसून सँडविच मागितलं की नाही. काउंटर उघडले ते त्याच वर्षी जुलैत, महिनोन्महिने धरणं आणि तोटा झाल्यावर. फक्त बेल्कने केलं असं नाही, सगळ्यांनी केलं, पण मग 'मालक गावचाच, गिऱ्हाइकाच्या शेजारी चर्चमध्ये बसणारा' हे वाक्य लिहिताना कुठल्या गिऱ्हाइकाच्या शेजारी तेही लिहा आजोबा. तुमच्यावर राग नाही, हलके घ्या.

शार्लटकर_आजोबा:

नाक_वर, मान्य. ते वाक्य मी सरळ लिहून गेलो, चर्चही वेगवेगळी होती. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे, कृष्णवर्णीय, ते सांगायचे की आई दुकानात न्यायची तेव्हा घरूनच पोटभर खाऊ घालून न्यायची, म्हणजे तिथे भूक लागायला नको आणि पोराला का ते सांगायला नको. दुकानाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

मुळशी_ते_मेसा:

मी एका चेनच्या आयटीत होतो (नाव नको, बेल्क नव्हे, तसंच पाच-सहा जुन्या चेन चिकटवून केलेलं). आजोबांचा ११२ आकडा वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे पाचच होत्या तरी एकाच कंपनीचा एकच निळा शर्ट पाच वेगळ्या कोडने, साइजची नावं वेगळी, एकीकडे 'नेव्ही' एकीकडे 'डार्क ब्लू', एका डिव्हिजनमध्ये तर तो मुलांच्या कपड्यांत टाकलेला. दीड वर्ष आम्ही फक्त शर्टाला शर्ट जुळवत होतो. आणि एका दुकानातल्या जुन्या बाईंनी सांगितलं की आमच्याकडे त्या आकाराला मुद्दाम वेगळं नाव आहे, कारण गावातल्या बायकांना 'एक्सएल' लिहिलेलं चालत नाही!! ते आम्ही 'डेटा एरर' म्हणून काढून टाकलं. पुढच्या सीझनला त्या दुकानाचा तो माल पडून राहिला.

रेडिंगची_राणी:

पण विकणं अटळ असतं असं वाटू देऊ नका हं. आमच्या पेनसिल्व्हेनियात बॉस्कोव्ह्ज आहे, अजूनही घरातच.

सॉलोमन बॉस्कोव्ह म्हणून रशियातून आलेला ज्यू माणूस, खिशात म्हणे १ डॉलर ३७ सेंट, इंग्रजी येत नाही. पण इकडचे शेतकरी पेनसिल्व्हेनिया डच बोलायचे, ती जर्मनचीच बोली, आणि याची यिडिश तिला जवळची, म्हणून पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार विकायला लागला आणि लोकांना कळायला लागला. मग रेडिंगला नाइन्थ आणि पाइकच्या कोपऱ्यावर दुकान. पुढे मुलगा अल आणि त्याचे मेहुणे एड लेकिन यांनी वाढवलं.

आता मजा. अल २००६ ला रिटायर झाले, पुढच्या पिढीने त्याच वर्षी दुसऱ्या चेनची दहा दुकानं एकदम घेतली आणि समोर आलं २००८ चं मंदीचं वर्ष. ऑगस्टमध्ये दिवाळखोरी. तर हे ७९ वर्षांचे अलआजोबा परत आले, मेहुण्यांना घेऊन, घरातले पैसे घातले, सरकारी हमीची कर्जं गावागावांच्या नगरपालिकांमार्फत उभी केली, आणि डिसेंबरात आपलंच दुकान परत विकत घेतलं. २०१७ ला गेले. आता पुतण्याच्या बाजूकडे आहे. माझ्या पहिल्या नोकरीचा कोट मी तिथे घेतला, बाई म्हणाल्या "हा तुला मोठा होतो, पुढच्या आठवड्यात ये, लहान येणार आहे." विकायचं सोडून!

बार्शीचा_बन्या:

राणीताई, हा कोटवाला किस्सा आमच्या वडिलांना वाचून दाखवला. म्हणाले "ती बाई मालकाची असणार नाहीतर दोन दिवसात जाणार."

फोर्टचा_फेरफटका:

थोडं अवांतर. मुंबईतल्या जुन्या लोकांना अकबरअलीज आठवत असेल. फोर्टमधलं, १८९७ चं, खोराकीवाला घराण्याचं. औषधं, बेबी फूड, क्रॉकरी, कपडे, सगळं मिळायचं आणि आम्ही दर मे महिन्यात शाळेची पाण्याची बाटली घ्यायला तिथे जायचो, चर्चगेटला उतरून चालत. बहुतेकांना माहीत नसतं की मॉन्जिनीजचे केक आणि वोखार्ट औषध कंपनी दोन्ही त्याच घरातल्या. म्हणजे बघा, दुकान मागे पडलं पण घराणं नाही. बेल्कच्या बाबतीत नेमकं उलटं, घराणं बाहेर आणि पाटी जागेवर.

सामाईक_विहीर:

यावर एकच. आमच्या विहिरीचं नाव अजून पणजोबांचंच आहे. पाणी टँकरचं.

खारीबिस्कीट:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल आजींकडे भाजणीची थालीपिठं घेऊन गेले होते, त्यांना आवडतात, सोबत लोणी लागतं फक्त. मुद्दाम विचारलं की तुम्ही हडसन-बेल्क का म्हणता, आता तर पाटीवर नुसतं बेल्क आहे. तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाल्या "बेल्क ते शार्लटवाल्यांचं. हे आमचं."

मग आठवून सांगत बसल्या की लग्नाआधी दोन वर्षं त्या फेटव्हिल स्ट्रीटच्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरला होत्या, नाताळात एवढी गर्दी की उभ्याउभ्या पाव खायच्या. मी सायकॅमोर, सावकार वगैरे काही बोलले नाही. शनिवारी चॅरिटी सेल आहे, माझ्या मुलीच्या शाळेच्या बँडने पाच-पाच डॉलरची तिकिटं विकली होती, दोन घेऊन ठेवलीयत. त्यांना उशांचे अभ्रे घ्यायचेत.